बिनबॅटरीची गिटार

मित्रांनो, डोंबिवली पूर्वेला एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, बाहेरच्या खोलीच्या भिंतीवर एक जुनी बेस गिटार टांगलेली आहे. ती मी. साध्या गिटारला सहा बारीक तारा असतात. मला चारच आहेत, पण जाड, आणि त्यांचा आवाज खोल. गाण्यात मी वाजत असते तेव्हा माझ्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. मी थांबले की मात्र गाणं पोकळ वाटू लागतं आणि लोक एकमेकांकडे बघतात, की काय बिघडलं?

माझ्या पोटात फारसं काही नाही. तारांखाली लोहचुंबकं आहेत आणि त्यांच्याभोवती गुंडाळलेली तांब्याची बारीक तार आहे. या जोडीला पिकअप म्हणतात. वरच्या तारांची थरथर ती पकडते आणि वायरीतून ॲम्प्लिफायरकडे पाठवते. अंगावर दोन बटणं आहेत. एक आवाज लहानमोठा करायला, दुसरं आवाजाची धार कमी करायला. बॅटरी नाही. एका बॅटरीवरून एका बापलेकांत जे झालं, तेच मी आज तुम्हाला सांगणार आहे.

माझा जन्म कोलकात्याच्या एका छोट्या कारखान्यात झाला. माझं लाकूड महागड्या लाकडासारखं दिसतं, पण तसं ते नाही, हे मी कधी लपवलं नाही. तिथून ट्रकने मी ठाण्याला, स्टेशनजवळच्या दौलतशेठच्या दुकानात आले. ते साल १९९५. सात महिने मी छताखाली लटकत होते. येणारा प्रत्येक जण सहा तारांची मागायचा.

मग एका शनिवारी लिओ आला. सत्तावीस वर्षांचा, उंच, नखांत ग्रीसची काळी कड. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात तो प्रेसवर कामाला होता. पत्रा दाबून त्याला आकार देणारी ती अवजड यंत्रं दिवसभर धाडधाड आपटत असत. दौलतशेठनी त्याला आणखी दोन गिटारी काढून दाखवल्या. लिओने त्या वाजवल्यासुद्धा. मग मला मांडीवर घेऊन तो अर्धा तास एकच सूर वाजवत बसला आणि म्हणाला, "ही द्या."

माजिवड्याच्या गावठाणात त्याचं बैठं घर होतं. बायको एडना घरी शिवणकाम करायची. लग्नाचे पांढरे गाऊन शिवण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. उरलेल्या सॅटिनची तिने मला गवसणी शिवली. आत जुन्या दुलईचा कापूस घातला. त्या गवसणीत मी किती लग्नं फिरले, त्याची गणतीच नाही.

लिओचा मित्र ब्रँडन कळव्याला राहायचा. बँड त्याचा होता. लग्नाच्या आदल्या दिवशी नवरा-नवरीच्या आंघोळीसाठी विहिरीवरून उंबराचं पाणी आणायला वाजंत्री जायची, आणि दुसऱ्या दिवशी रिसेप्शनला आम्ही. म्हातारी माणसंसुद्धा खुर्च्या मागे सारून उठायची. ब्रँडन म्हणायचा की गाणारा चुकला तर चालेल, पण लिओ चुकला तर नाचणाऱ्यांचे पाय एकमेकांत अडकतील.  घरी आल्यावर लिओ माझ्या तारांवरचा घाम मऊ फडक्याने पुसायचा, एकेक तार वेगळी.

त्यांचा मुलगा मार्विन माझ्यावरच शिकला. नऊ वर्षांचा होता तेव्हा त्याची बोटं माझ्या लांब मानेवरच्या पहिल्या पट्टीपर्यंत पोचत नसत. लिओ मागे बसून स्वतःचा हात त्याच्या हाताखाली धरायचा. "घाई करू नको," म्हणायचा, "आधी ऐक, मग वाजव." मुलगा हुशार निघाला. पंधराव्या वर्षी तो बापापेक्षा जलद वाजवू लागला आणि बापाला त्याचा फार अभिमान होता.

मित्रांनो, एवढे दिवस सुखाचे गेले. मग लिओच्या कानांना काहीतरी होऊ लागलं.

ते पहिल्यांदा कळलं ते डाळीमुळे. एडना चर्चमध्ये नोव्हेनाच्या प्रार्थनेला गेली होती. तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद कर, असं सांगून गेली होती. लिओ बाहेरच्या खोलीत बसला होता. कुकरने तीन काय, अकरा शिट्ट्या दिल्या. एडना आली तेव्हा घरभर करपलेला वास पसरला होता. तिने विचारलं, तर तो म्हणाला, वाजवण्यात गुंग होतो. पण मी त्याच्या मांडीवर नुसती पडून होते. वायरही लावलेली नव्हती. हे मला ठाऊक होतं, पण मला कोण विचारणार?

एडनाला शंका आली. दुसऱ्या दिवशी ती त्याच्या पाठीमागे उभी राहिली आणि तिने चाव्यांचा जुडगा खुळखुळवला. लिओ वळला नाही. तिने पुन्हा खुळखुळवला. मग ती शिलाई मशीनच्या स्टुलावर बसली आणि बराच वेळ उठली नाही.

प्रेसवरची वीस वर्षं आणि स्टेजवरच्या स्पीकरशेजारची वीस वर्षं, दोन्हींनी मिळून त्याच्या कानांतले वरचे, बारीक सूर नेले होते. कुकरची शिट्टी, चिमण्या, दाराची घंटा, बोलण्यातले स आणि श. खालचे सूर अजून येत होते. म्हणूनच तो मला वाजवू शकत होता. मला तो पूर्वीपेक्षा जास्त घट्ट धरायचा, माझी पाठ बरगड्यांवर दाबून. आणि डोळे ड्रम वाजवणाऱ्याच्या पायावर ठेवायचा.

एडनाने डॉक्टरकडे चल म्हटलं. कानाचं मशीन मिळतं, छोटंसं असतं, कुणाला दिसतही नाही. लिओ हसला.

"कानात बॅटरी घालून फिरू? माझी गिटार बिनबॅटरीची, मी पण बिनबॅटरीचाच बरा."

पण लगेच गंभीर होऊन त्याने तिच्याकडून वचन घेतलं की मार्विनला यातलं काही सांगायचं नाही. मार्विन ब्रँडनला सांगेल, आणि बहिऱ्याला बँडमध्ये कोण ठेवील? एडनाने वचन दिलं. तिला ते आवडलं नव्हतं.

२०१४ साली कारखाना बंद पडला. मार्विन मोठा झाला, नोकरीला लागला आणि डोंबिवलीत खोली घेऊन राहू लागला. तिथल्या चार तरुणांच्या बँडमध्ये तो बेस वाजवू लागला. २०१९ साली त्यांना मोठमोठ्या सभागृहांत कार्यक्रम मिळू लागले, आणि मार्विनला वाटलं की आता नवी गिटार हवी. त्याने वडिलांना फोन केला नाही. तो स्वतः घरी आला आणि म्हणाला, "डॅडी, चल ना माझ्याबरोबर. तुझ्याशिवाय नाय घ्यायची मला."

त्या दिवशी लिओने इस्त्रीचा शर्ट घातला. तुलना करायला मलाही बरोबर घेतलं.

कल्याणला एका गल्लीत विनीतचं दुकान होतं. विनीत गिटारी विकायचा आणि दुरुस्तही करायचा. त्याने एक काळी गिटार काढली. तिच्या पाठीला छोटं झाकण होतं आणि त्यात नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी. अंगावर पाच बटणं. विनीत सरळ माणूस होता. दोघींचं बरंवाईट त्याने नीट समजावून सांगितलं. म्हणाला की काळीच्या पोटात एक छोटं मशीन आहे. ते आवाजाला आतच जोर देतं, आणि खालचा, मधला, वरचा असा प्रत्येक आवाज वाजवणाऱ्याला जागच्या जागी वाढवता येतो किंवा कमी करता येतो. सभागृह खराब असलं, वायर लांब असली तरी आवाज स्वच्छ पोचतो. पण वाजवून झाल्यावर वायर काढायला विसरलात की बॅटरी उतरते, आणि ऐन कार्यक्रमात ती मुकी होते. "तुमची जुनी," माझ्याकडे बोट दाखवून तो म्हणाला, "जेवढं आहे तेवढंच देणार, पण कधी बंद नाही पडणार."

मार्विनने एकाच ॲम्प्लिफायरवर आधी मला वाजवलं, मग काळीला. मी खोटं कशाला बोलू? तिचा आवाज लख्ख होता. अंगठ्याने तार आपटली की नारळ फुटल्यासारखा टणत्कार यायचा. माझ्यात ते नव्हतं.

"डॅडी, कुठली घेऊ?"

लिओ पुढे वाकून बसला होता. तो म्हणाला, "दोन्ही सारख्याच वाटतात मला."

मार्विनला वाटलं, डॅडी गंमत करतोय. त्याने काळीचं वरच्या आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि पुन्हा वाजवलं. दुकानातलं एक गिऱ्हाईक दचकून वळलं.

"आता?"

"सारख्याच आहेत रे."

लिओ खरं बोलत होता, मित्रांनो. दोघींमधला जो फरक होता, तो सगळा त्या वरच्या सुरांत होता, आणि ते सूर त्याच्यापर्यंत येतच नव्हते. पण मुलाला ते माहीत नव्हतं. त्याला वाटलं, बापाला आपली जुनी गिटार सोडवत नाही, म्हणून मुलाचं चांगलं दिसत असूनही तो कबूल करत नाही. मार्विनचा चेहरा उतरला. तो हळूच म्हणाला, पण समोर बघून म्हणाला, त्यामुळे लिओला ओठांवरून कळलं.

"तुला ऐकायचंच नाहीये, डॅडी."

लिओने मला गवसणीत घातलं.  तेव्हा त्याने एक वाक्य बोलायला हवं होतं.  मार्विनने काळी घेतली आणि तो डोंबिवलीला गेला. आम्ही बसने माजिवड्याला परत आलो.

त्यानंतर मार्विन फोन करायचा तेव्हा लिओ एकदोन शब्द बोलून तो एडनाकडे द्यायचा. फोनवर ओठ दिसत नाहीत ना! शब्द नुसते गुणगुणल्यासारखे येत. पण पलीकडे मार्विनला वाटायचं, डॅडी अजून रागावलाय. मग तो थेट आईलाच फोन करू लागला. मग सगळं जग घरात बंद झालं, तोंडांवर मास्क आले आणि ओठ दिसायचेच बंद झाले. लिओ घरातही गप्प राहू लागला. एडना मास्क खाली ओढून त्याच्याशी बोलायची. बाकी कोण ओढणार?

बँड पुन्हा सुरू झाला तेव्हा विठ्ठलवाडीच्या एका हॉलमध्ये रिसेप्शन होतं. गाणाऱ्या मुलीने आयत्या वेळी सूर बदलला आणि तो सगळ्यांना सांगितला. लिओ सोडून सगळ्यांनी ऐकला. पहिल्या ओळीपासून आम्ही दोघं चुकीच्या सुरात होतो, आणि लिओला ते कळत नव्हतं. तो हसतमुखाने वाजवत होता. नाचणारे थांबले. दोन मुलं हसली. ब्रँडनने पुढे येऊन माझ्या तारांवर हात ठेवला आणि मला गप्प केलं. मग लिओच्या खांद्याला धरून त्याच्या तोंडासमोर तोंड नेऊन म्हणाला, "लिओ, आता आराम कर."

ब्रँडन वाईट माणूस नव्हता. तोही रडवेला झाला होता.

त्या दिवशी लिओने माझ्या तारा पुसल्या नाहीत. गवसणीत घालून त्याने मला कपाटामागे उभं केलं. तारा तशाच ताणलेल्या राहिल्या. आमचं माजिवड्याचं घर खाडीपासून लांब नाही. हवेत ओल असते. तारांना गंज चढला. त्यांच्या ओढीने माझी मान पुढे वाकू लागली. मी दोन पावसाळे तिथे होते. बाहेर शिलाई मशीन चालू असल्याचं मला कळायचं, दुसरं काही कळायचं नाही.

२०२३ च्या डिसेंबरात लिओ ब्रेड आणायला गेला होता. हायवेच्या बाजूच्या रस्त्यावर मागून एका मोटरसायकलने हॉर्न दिला. एकदा, दोनदा, तीनदा. लिओ रस्त्याच्या मधोमध चालत राहिला. मोटरसायकलवाल्याने वाचवायचा प्रयत्न केला, पण धक्का लागलाच. खुब्याचं हाड मोडलं.

पुढचं मी एडनाच्या तोंडून ऐकलं. इस्पितळात मार्विन धावत आला. डॉक्टरीण बाईंनी त्याला बाजूला घेऊन विचारलं, "तुमच्या वडिलांना ऐकू येईनासं होऊन किती वर्षं झाली?" मार्विन म्हणाला, त्यांना ऐकू येतं, ते संगीतकार आहेत. बाईंनी नकारार्थी मान हलवली. मग त्याने आईकडे पाहिलं, आणि एडनाने दहा वर्षं सांभाळलेलं वचन तिथेच, कॉरिडॉरमधल्या बाकावर, मोडलं.

ऑपरेशन झालं. लिओला घरी आणलं, बाहेरच्या खोलीत पलंगावर ठेवलं. मार्विन रजा घेऊन आला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने कपाट सरकवलं आणि मला बाहेर काढलं. सॅटिनवर बुरशी आली होती. त्याने माझी धूळ पुसली, गंज पुसला. मग एका वहीत लिहून त्याने बापासमोर धरलं. काय लिहिलं ते मला दिसलं : डॅडी, मला का नाय सांगितलंस?

लिओने वाचलं. तो म्हणाला, "सांगितलं असतं, तर तू मला दुकानात नेलं असतंस? मला यायचं होतं."

मार्विनने वही खाली ठेवली.  मग त्याने मला उचललं, पलंगाच्या कडेवर बसून माझी पाठ लिओच्या छातीला टेकवली आणि सगळ्यात जाड तार छेडली. वायर नाही, ॲम्प्लिफायर नाही. माझ्या लाकडातली थरथर लिओच्या हाडांत उतरली. त्याने डोळे मिटले.

"ई," त्याने त्या तारेच्या सुराचं नाव घेतलं. "जरा उतरलीय."

मार्विनने खुंटी पिळली. पुन्हा छेडली.

"अजून. अजून थोडी. बस."

ती बरोबर लागली होती. एडना दारात उभी होती. तिने पदराने तोंड झाकलं.

दुसऱ्या दिवशी मार्विन डोंबिवलीहून काळीला घेऊन आला. तिलाही त्याने तसंच छातीला लावलं. तिची पाच बटणं आणि बॅटरी तिथे काही कामाची नव्हती. लिओने ती बराच वेळ ऐकली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला. "लाकूड चांगलं आहे हिचं," तो म्हणाला. "जप." मला तिचा हेवा वाटला नाही. खरंच नाही वाटला. आम्ही दोघी पलंगाच्या दोन बाजूंना टेकून उभ्या असायचो आणि मार्विन रोज दुपारी आळीपाळीने आम्हाला वाजवायचा. पाच वर्षांत बापलेक बोलले नसतील एवढं त्या दिवसांत वहीवर बोलले. कानाचं मशीन घ्यायचंही ठरलं. तपासणीची तारीख मिळाली होती.

तारीख येण्याआधी लिओच्या फुप्फुसांत कफ भरला. पलंगावर पडून राहणाऱ्यांना तसं होतं म्हणतात. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात तो गेला. पंचावन्न वर्षांचा होता.

चर्चमधल्या शेवटच्या प्रार्थनेच्या, म्हणजे मिस्साच्या दिवशी सकाळी मार्विनने मला मांडीवर घेतलं. त्याला चर्चमध्ये मलाच वाजवायचं होतं. नव्या तारा चढवल्या, सूर लावला. मोकळ्या तारा ठीक बोलल्या. पण त्याने वरच्या पट्ट्यांवर बोट ठेवलं की तार लाकडाला घासून खरखर करायची. माझी मान वाकली होती. पहिल्या ओळीनंतर गाणं बेसूर व्हायचं. त्याने चार वेळा प्रयत्न केला. मी जीव तोडून प्रयत्न केला. शेवटी एडनाने त्याच्या हातावर हात ठेवला.

"राहू दे, बाबा. काळी घे."

त्याने तिच्यात नवी बॅटरी घातली आणि ते सगळे गेले. मला रिकाम्या पलंगावर ठेवलं होतं. अठ्ठावीस वर्षं ज्याने मला वाजवलं, त्याच्या शेवटच्या मिस्साला मी नव्हते. चर्च काही फार लांब नाही, पण हायवेच्या आवाजात मला तिथलं काहीच ऐकू आलं नाही.

नंतर मार्विन मला विनीतकडे घेऊन गेला. विनीतने माझ्या मानेतली लोखंडी सळई पिळून पाहिली, आठवडाभर वजन ठेवून पाहिलं. शेवटी म्हणाला की लाकडाने आता तो आकार धरलाय. ठेवून देताना तारा ढिल्या केल्या असत्या, तर ही वेळ आली नसती.  मार्विनने मला डोंबिवलीच्या घरी आणून भिंतीवर टांगलं. एडना आता इथेच राहते. दर शनिवारी ती माझ्यावरून फडकं फिरवते. मार्विनने स्वतःचे कान तपासून घेतले आणि तो आता कानांत बोळे घातल्याशिवाय स्टेजवर चढत नाही. काळी त्याच्याबरोबर जाते. वाजवून झालं की तो वायर काढतो, तारा पुसतो. ती खूप वर्षं वाजेल.

मित्रांनो, वाद्य ठेवून द्यायचं असेल तर त्याच्या तारा सैल करा. बॅटरी असेल तर ती काढून ठेवा, नाहीतर ती आतल्या आत पाझरते. एवढं केलंत तरी माझ्यासारख्या कितीतरी जणी वाचतील.

पण माझं दुसरं मागणं याहून मोठं आहे. तुमच्या घरात कोणी "काय म्हणालास?" असं पुन्हा विचारलं, तर वैतागू नका. कोणी फोन लवकर ठेवला, कोणी भलतंच उत्तर दिलं, तर रागावण्याआधी उठून त्यांच्याजवळ जा. त्यांच्या समोर बसा, त्यांना तुमचा चेहरा दिसू द्या, आणि तेच वाक्य सावकाश पुन्हा सांगा.